विश्लेषण : एक गोल, एक पास, एक मारामारी… ‘गॉर्डी हाऊ हॅटट्रिक’चे कौतुक किती करायचे?

लोणी काळभोरच्या आमच्या आळीत बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक रसवंतीगृहात, दुसरा मासळीवाल्याच्या पेटीत. तरीही गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘मामा, हे बघा. याने गोल पण मारला आणि त्याला धुतला पण. याला म्हणे गॉर्डी हाऊ हॅटट्रिक म्हणतात.’ पडद्यावर हेल्मेट उडालेले दोन धिप्पाड खेळाडू एकमेकांची जर्सी धरून ठोसे लगावत होते. पंच बाजूला उभे राहून बघत होते. चित्रफीत अर्ध्या मिनिटाची. गोल त्यात तीन सेकंदांपुरताच होता.

भाचा कबड्डी खेळतो आणि पोलीस भरतीची तयारी करतो. हवेली तालुक्यातली निम्मी पोरे करतात तशीच. म्हणून त्याचा प्रश्न मला नुसत्या कुतूहलाचा वाटला नाही. त्याने विचारले होते, ‘आपल्याकडे असे काही का नाही?’

ही हॅटट्रिक नेमकी काय असते?

आइस हॉकीत एका खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल केले की हॅटट्रिक होते. हा शब्द मूळचा क्रिकेटचा. १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि वर्गणी काढून त्याला टोपी भेट देण्यात आली, अशी त्याची कथा सांगतात. कॅनडात हा शब्द गेला तो टोपीसकट. तिथे तिसरा गोल झाला की प्रेक्षक आपल्या टोप्या बर्फावर फेकतात.

‘गॉर्डी हाऊ हॅटट्रिक’ मात्र वेगळी. एकाच सामन्यात एक गोल, एक असिस्ट आणि एक मारामारी असा तिचा हिशेब. असिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या गोलला हातभार लावणारा पास. आइस हॉकीत एका गोलमागे जास्तीत जास्त दोघांना त्याचे श्रेय मिळते आणि गुणांच्या यादीत ते गोलइतकेच धरले जाते. गोल आणि असिस्ट दोन्ही अधिकृत. मारामारीची शिक्षाही नोंदवहीत लिहिली जाते. पण या तिघांची बेरीज करून कुणाला बक्षीस मिळत नाही. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, हा विक्रम अधिकृत मानत नाही. तो चालतो चाहत्यांच्या तोंडी, समालोचकांच्या बोलण्यात आणि आता रीलवर. टोप्या मात्र या हॅटट्रिकला कुणी फेकत नाही.

नाव हाऊचे, मग विक्रमही त्याचाच असेल?

इथेच गंमत आहे. गॉर्डी हाऊने साखळी सामन्यांत ही हॅटट्रिक अवघी दोनदा केली. पहिली ११ ऑक्टोबर १९५३ रोजी, दुसरी २१ मार्च १९५४ रोजी. दोन्ही एकाच मोसमात आणि दोन्ही वेळा समोर टोरांटो मेपल लीफ्स. पहिल्या वेळी त्याची जुंपली फर्नी फ्लॅमनशी, दुसऱ्या वेळी टेड केनेडीशी. केनेडीचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

बरे, हा प्रकार करणारा पहिला खेळाडूही हाऊ नव्हे. टोरांटोच्याच हॅरी कॅमरॉनने २६ डिसेंबर १९१७ रोजी, लीगच्या पहिल्याच मोसमात तो केला होता. हाऊचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, ३१ मार्च १९२८ रोजी कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात झाला. आणि सर्वाधिक वेळा, म्हणजे १८ वेळा, तो केला असे मानले जाते रिक टॉचेटने. टॉचेटच्या नावावर चारशेहून अधिक गोल आहेत आणि २,९०० हून अधिक मिनिटांची शिक्षाही. सामना ६० मिनिटांचा. हिशेब केला तर ४८ सामने भरतील एवढी ती शिक्षा होते.

हाऊचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहा. लीगमध्ये १,७६७ सामने, ८०१ गोल, १,०४९ असिस्ट आणि १,६८५ मिनिटांची शिक्षा. सामन्यामागे एक मिनिटसुद्धा नाही. सलग २० मोसम तो गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत होता. डेट्रॉइट रेड विंग्जकडून त्याने चार वेळा स्टॅन्ली कप जिंकला. निवृत्त होऊन पुन्हा परतला, ह्यूस्टनच्या संघात आपल्या मार्क आणि मार्टी या दोन मुलांबरोबर खेळला. १९७९-८० मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी शेवटचा मोसम खेळला तेव्हा ८० च्या ८० सामने खेळून १५ गोल केले. आपल्याकडे बावन्नाव्या वर्षी माणूस गुडघ्याला तेल चोळत बसलेला असतो.

मग मारामारीला त्याचे नाव का चिकटले? तो साधुसंत नव्हता, हेही खरे. कोपर मारण्यात तो पटाईत होता आणि ‘मिस्टर हॉकी’बरोबरच ‘मिस्टर एल्बोज’ असेही टोपणनाव त्याला होते. १ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने लू फाँटिनाटो या नावाजलेल्या दांडगटाचे नाक मोडले. त्या सुजलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र ‘लाइफ’ मासिकात आले. त्यानंतर हाऊच्या वाटेला जाणारे कमी झाले. म्हणजे त्याने कमी मारामाऱ्या केल्या याचे एक कारण, एकदा केलेली मारामारी सगळ्यांच्या लक्षात राहिली, हेही असावे.

पण केनेडीची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मार्च १९५० मध्ये बाद फेरीच्या सामन्यात केनेडीला अडवायला धावलेला हाऊ तोल जाऊन कडेच्या फळ्यांवर डोक्यावर आदळला. कवटीला इजा झाली, त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचेल की नाही अशी परिस्थिती होती. पुढच्या मोसमात तो परतला आणि गुणांच्या यादीत पहिला आला. चार वर्षांनी त्याच केनेडीशी हातघाई झाली आणि त्या दिवसाची आपण ‘हॅटट्रिक’ म्हणून आठवण काढतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून अव्वल ठरलेल्या मोसमाला मात्र कुणी नाव दिलेले नाही.

मारामारीला पाचच मिनिटांची शिक्षा कशी?

भाच्याला सगळ्यात जास्त पटत नव्हते ते हेच. पंच बघत का उभे होते?

लीगच्या नियमात मारामारी हा गुन्हाच आहे. त्याला ‘मेजर’ म्हणजे पाच मिनिटांची शिक्षा होते. खेळाडू शिक्षेच्या कोठडीत जाऊन बसतो, वेळ संपली की परत येतो. दोघांनाही सारखीच शिक्षा झाली असेल तर दोन्ही संघ बदली खेळाडू उतरवतात, म्हणजे संघाचे काही बिघडत नाही. भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षाही होते. पण दोघे राजीखुशीने हातमोजे टाकून भिडले, तर पंच सहसा एक जण पडेपर्यंत थांबतात.

याची तुलना आपल्या ओळखीच्या खेळांशी करा. मैदानी हॉकीत पिवळे कार्ड मिळाले तर किमान पाच मिनिटे बाहेर. आणि ते धसमुसळ्या टॅकलसाठीही मिळते. प्रो कबड्डीत पिवळ्या कार्डाला दोन मिनिटे, लाल कार्डाला उरलेला सामना बंद. क्रिकेटमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला विराट कोहलीचा खांदा सॅम कॉन्स्टासला लागला तर मानधनातून २० टक्के कापले गेले. २००८ मध्ये हरभजन सिंगने श्रीशांतला थप्पड मारली, तर त्याचा आयपीएलचा उरलेला मोसम गेला. आइस हॉकीच्याच आंतरराष्ट्रीय सामन्यांत, ऑलिम्पिकमध्ये, मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढतात. गेल्या वर्षी आशिया चषकात भारताच्या मुलींनी कांस्य जिंकले. त्या संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. त्यांच्यापैकी एखादीने ‘गॉर्डी हाऊ’ करायचे ठरवले तर तिसरी गोष्ट केल्यावर तिला थेट खोलीत जाऊन बसावे लागेल.

मग उत्तर अमेरिकेतच ही सवलत का? समर्थक सांगतात की मारामारीची भीती असली की कुणी चोरून स्टिक मारत नाही. वेन ग्रेट्झ्कीसारख्या नाजूक अंगाच्या जादूगाराला डेव्ह सेमेन्को, मार्टी मॅकसॉर्ली अशा पहिलवानांचे कवच होते, म्हणून तो खेळू शकला. यात थोडे तथ्य आहे. उघड्यावर दोन ठोसे आणि पाठीमागून घोट्यावर स्टिक, यांत पहिला प्रकार जास्त प्रामाणिक. पण हा युक्तिवाद मला गावच्या पारावरच्या ‘एकदा वाजवला की सरळ येतो’ या युक्तिवादासारखा वाटतो. तो बोलणाऱ्याला नेहमी वाटते की वाजवणारा आपणच असणार.

आणि तिकीटबारीही आहेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये माँट्रियलला अमेरिका आणि कॅनडा भिडले. सामना सुरू होऊन नऊ सेकंद झाले होते आणि तीन मारामाऱ्या उरकल्या होत्या. पहिली मॅथ्यू टकाचक या अमेरिकनाने सुरू केली, दुसरी त्याच्या सख्ख्या भावाने, ब्रॅडीने. अमेरिकेने तो सामना ३-१ असा जिंकला. पाच दिवसांनी अंतिम सामन्यात कॉनर मॅकडेव्हिडने जादा वेळेत गोल करून कॅनडाला ३-२ असे जिंकून दिले. माझ्या फोनवर ते नऊ सेकंद निदान वीसदा आले. मॅकडेव्हिडचा गोल मला शोधून पाहावा लागला.

किंमत कोण मोजतो?

डेरेक बूगार्ड नावाचा एक खेळाडू होता. सहा फुटांहून उंच, आडदांड. त्याला लीगमध्ये घेतले गेले ते ठोसे मारण्यासाठीच. २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. म्हणजे या हॅटट्रिकमधली तिसरी गोष्ट तो रोजंदारीवर करत होता आणि पहिली दोन त्याच्या वाट्याला जवळपास आलीच नाहीत. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू यांच्या एकत्रित परिणामाने तो गेला. वय २८. त्याच्या मेंदूची तपासणी केल्यावर डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी होणारा, मेंदू झिजवणारा आजार त्यात आढळला. त्याच्या आदल्या वर्षी ४५ व्या वर्षी गेलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही तोच आजार सापडला होता. लीगमधला सर्वांत भीतिदायक हात म्हणून त्याची ख्याती होती.

त्यानंतर चित्र बदलले आहे. लीगमधल्या मारामाऱ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून खाली आल्या. फक्त मारण्यासाठी ठेवलेला खेळाडू जवळपास नाहीसा झाला, कारण खेळ इतका वेगवान झाला की न खेळणाऱ्याला संघात जागा देणे परवडत नाही. क्यूबेकच्या कनिष्ठ गटाच्या लीगने २०२३ मध्ये मारामारी करणाऱ्याला थेट बाहेर काढायचा नियम केला. तिथे सोळा-सतरा वर्षांची मुले खेळतात. आमच्या भाच्याच्या वयाची.

आपल्याकडे असे काही का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्याकडे बेरजेचे विक्रम आहेत, फक्त त्यांची बेरीज वेगळी आहे. एप्रिल १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पॉली उम्रीगर यांनी वेस्ट इंडिजविरुद्ध एकाच कसोटीत पहिल्या डावात ५६, फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावा केल्या आणि १०७ धावांत पाच बळीही घेतले. उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा. म्हणजे आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा. त्याआधी १९५२ मध्ये लॉर्ड्सवर विनू मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा करून पाच बळी घेतले होते. दोन्ही कसोट्या भारत हरला. एकाच कसोटीत शतक आणि पाच बळी, ही बेरीजही गॉर्डी हाऊच्या हॅटट्रिकसारखीच बिनबक्षिसाची. तिला वेगळा चषक नाही, ती आकडेवारीच्या शौकिनांनी जपली. पण त्यात दुसऱ्याच्या नाकाचा हिशेब नाही.

कबड्डीत एका सामन्यात चढाईचे दहा गुण म्हणजे ‘सुपर टेन’, पकडीचे पाच म्हणजे ‘हाय फाइव्ह’. दोन्ही एकाच खेळाडूने एकाच सामन्यात करणे किती अवघड, ते मॅटवर उतरलेल्यालाच कळते. चढाई करणाऱ्याचे पाय हलके लागतात आणि पकड करणाऱ्याचे जमिनीत रुतलेले. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार या दोन्ही कामांचा माणूस. असा खेळाडू संघाला दोन खेळाडूंचा वाटतो.

आणि तापट असूनही गोल करणारे म्हणाल, तर खडकीचे धनराज पिल्ले डोळ्यांसमोर येतात. मोडक्या स्टिकने खेळायला शिकलेला हा माणूस चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक खेळला. १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. परत आल्यावर कर्णधारासकट अनेकांना संघातून वगळण्यात आले. धनराज यांचा राग सगळ्यांना ठाऊक होता, पण तो बहुतेक वेळा व्यवस्थेवर निघाला. समोरच्या बचावपटूवर निघाला तो त्याला चकवून. तो राग मला आवडायचा. अजूनही आवडतो.

कुस्तीचे उदाहरण ताजे आहे आणि कडूही. कुस्तीत तर लढणे हाच खेळ. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. निकाल मान्य नसलेल्या शिवराज राक्षेने पंचांवर लाथ उगारली. राक्षे साधासुधा मल्ल नव्हे, दोनदाचा महाराष्ट्र केसरी. त्याच्यासह महेंद्र गायकवाडवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. निकाल योग्य की अयोग्य यावर तालमीत अजून वाद रंगतो, आणि तो रंगायला हरकत नाही. पण त्या दिवसाची कुस्ती किती जणांना आठवते? लाथ सगळ्यांना आठवते.

पोरांना सांगायचे काय?

हिवाळ्यात आमच्या भागात यात्रा-जत्रा सुरू झाल्या की पुणे-सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. मांडव, हॅलोजन, डीजे, आमदार-नगरसेवकांचे फ्लेक्स. रुग्णवाहिका मात्र क्वचित, डॉक्टर त्याहून क्वचित. वाद झाला की आधी मोबाइल वर जातात. भांडण सोडवायला दोघे, चित्रित करायला वीस.

तीन-चार वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माझ्या ओळखीच्या एका मुलाने चढाईत सामना फिरवला. शेवटच्या मिनिटाला रेषेवरून वाद झाला, धक्काबुक्की झाली, समोरच्या पोराच्या भुवईला टाके पडले. टाके भरून आले. पण गुन्हा नोंदला गेला होता, दुखापत करण्याच्या कलमाखाली. मुलगा पुढच्या भरतीत धावला चांगला, लेखीत गुणही चांगले. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर मात्र तो गुन्हा आला आणि मामला अडकला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ज्यासाठी ही पोरे मॅटवर घाम गाळतात. त्याच मॅटवरची दोन मिनिटे ते दार बंद करू शकतात. डेट्रॉइटचा खेळाडू कोठडीत पाच मिनिटे बसून परत खेळायला येतो. आपल्या पोराच्या कोठडीला घड्याळ नसते.

म्हणून माझे मत साधे आहे. गॉर्डी हाऊ हॅटट्रिक ही मजेशीर लोककथा आहे, तिचा इतिहास वाचावा, तिच्यावर हसावे, कॅनडातल्या लोकांना तिचे अप्रूप का वाटते तेही समजून घ्यावे. तिथे मोजे टाकणे हा दोघांमधला करार आहे, दोघांना पगार आहे, बाजूला डॉक्टर आहे. तरीही तिथले लोक आता तिच्यापासून मागे सरकत आहेत. हे सारे गाळून फक्त ठोशाची अर्धी मिनिटे आपल्या पोरांच्या फोनवर येतात, ही खरी अडचण. बंदी घालून ती येणे थांबणार नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. आपल्या पानावर भांडणाची चित्रफीत टाकायची की चढाईची, हे तेच ठरवतात. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका स्पर्धेच्या पानावर सर्वांत वर बरेच दिवस भांडणच होते. विजेत्या संघाचे छायाचित्र त्याच्या खाली कुठेतरी.

यंदाच्या स्पर्धेसाठी मंडळाच्या मुलांनी विचारले, दादा, एखादे नवे बक्षीस सुचवा. मी सुचवले आहे : एकाच सामन्यात चढाईचे पाच गुण, तीन यशस्वी पकडी आणि पंचांकडून एकही ताकीद नाही, असे ज्याला जमेल त्याला कबड्डीचे चांगले बूट. तिसरी अट ऐकून दोघे हसले. एक जण म्हणाला, बूट यंदा कुणी नेणारच नाही. नावावरून अजून वाद चालू आहे. भाच्याने ‘गॉर्डी हाऊ ट्रॉफी’ सुचवली, ती मी नाकारली. मग त्याने विचारले, ‘उम्रीगर ट्रॉफी चालेल? ते सोलापूरचे ना?’ मंडळाची बैठक रविवारी आहे.